रिकाम्या खोलीचं तापमान

नावडे, १७ नोव्हेंबर २०२५

दादा,

आईनं राखीच्या पाकिटावर लिहिलेला पत्ता बघून हे पाठवतेय. तू घर बदललं असशील तर पत्र कुणा परक्याच्या हातात पडेल आणि त्याला एक अक्षर वाचता येणार नाही, तेही चालेल. माझा आणि अण्णांचा, दोन्ही नंबर तू ब्लॉक केलेस हे मला जूनमध्ये कळलं. पत्र ब्लॉक करता येत नाही.

भांडायला लिहीत नाहीये. अण्णा बरे आहेत. गुडघे दुखतात, तरी सकाळी वाशीच्या बाजारात एक चक्कर मारून येतात. माथाडीचं काम सुटलं, पण तिथल्या टपरीवर बसल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. घरात तुझं नाव निघत नाही. आईचंही निघत नाही. आम्ही दोघं भाजी, पाणी आणि लाइटबिल यावर बोलतो.

मी अजून महाप्यालाच आहे. मी कॉल सेंटरला लागले एवढंच तुला माहीत असेल. काम काय करते ते सांगते, कारण आता ते तुझ्याच बाजूचं निघालंय. तुमच्या तिकडच्या थंडीत घरं गरम ठेवायची यंत्रणा आम्ही इथून सांभाळतो. पूर्वी म्हणे एक बटण दाबलं की सगळं घर तापायचं, माणूस असो वा नसो. आता लोक प्रत्येक खोलीतल्या हीटरवर वेगळा कंट्रोल बसवून घेतात. झोपायची खोली अठरा डिग्री, बसायची वीस, वापरात नसलेली बारा. माझ्या स्क्रीनवर प्रत्येक घराच्या प्रत्येक खोलीची एक रेघ असते. दिवसभर मी त्या रेघा बघते आणि कुठे काही वेडंवाकडं दिसलं की फोन लावते. तिकडच्या लोकांना सुनयना म्हणता येत नाही, म्हणून फोनवर मी सनी असते.

गेल्या महिन्यात स्टोनहेवनचं एक घर माझ्याकडे आलं. नकाशात बघितलं, तुझ्या ॲबर्डीनच्या अगदी शेजारी. मिसेस रीड नावाच्या म्हाताऱ्या बाई एकट्याच राहतात. सगळे जुने हीटर काढून नवीन बसवले. कंट्रोल कसे फिरवायचे ते मी त्यांना फोनवर शिकवलं. त्या स्वतःची खोली सोळावर ठेवतात, म्हणजे जवळजवळ गारच. पण मागची छोटी खोली दिवसभर एकवीसवर. तिथल्या सेन्सरला कधी माणसाची हालचाल दिसत नाही. अशा वेळी ग्राहकाला सांगायचं असतं की रिकामी खोली तापवू नका. मी फोन केला.

‘मॅडम, तुमची मागची खोली कुणी वापरत नाही. बारावर आणू का?’

त्या म्हणाल्या, ‘नको, सनी. माझा नवरा तिथे असतो.’

मी घाबरून विचारलं, ‘त्यांना बरं नाही का?’

‘तो वारला, तीन हिवाळे झाले. शेवटी त्याला फार थंडी वाजायची.’

मी ‘ठीक आहे मॅडम’ म्हटलं आणि फोन ठेवला. मग बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. आपली गच्चीखालची खोली आठवली. आई गेली त्या मे महिन्याच्या दुपारी मी ऑफिसातल्या त्याच खुर्चीत बसून कुणाच्यातरी स्वयंपाकघराची चाचणी घेत होते, अर्ध्या डिग्रीचा फरक पडतो का बघत होते. आणि इथे नावड्याला आपल्या आईच्या खोलीत किती होतं ते कुणालाच माहीत नव्हतं.

आई शांत गेली, दादा. फोनवर मी सांगितलं होतं तेच परत सांगते. आणखी एक गोष्ट आहे, पण ती तुला सांगायची नाही असं अण्णांनी मला बजावलंय.

तब्येत सांभाळ. कामावर, समुद्रात असशील तर जास्तच.

सुनयना


नावडे, ११ डिसेंबर

दादा,

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलं नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मी जिन्यात थांबते.

मी एक वेडेपणा केला. आमच्या ऑफिसात रूपेश नावाचा मुलगा आहे, यंत्रं तपासायचं काम करतो. त्याच्याकडे जुने सेन्सर पडलेले असतात. त्यातला एक मागून घेतला आणि आईच्या खोलीत, कपाटाच्या वर चिकटवला. अण्णांना सांगितलं नाही. ती खोली आम्ही उघडत नाही. अण्णा हॉलमध्ये झोपतात, मी स्वयंपाकघराशेजारी. पण आता ती खोली माझ्या मोबाइलवर दिसते. बसमध्ये, जेवताना, फोनवर बोलताना मी तीच बघत असते. तुला आठवतं ना, वर थेट गच्ची, पश्चिमेची भिंत. डिसेंबरातसुद्धा दुपारनंतर आकडा चढायला लागतो. मी इकडे महाप्याला एसीत शाल घेऊन बसते आणि तो चढताना बघते. एकदा रूपेश म्हणाला, ‘कोणाची वाट बघतेस त्यात?’ मी म्हटलं, ‘टेन्शन घेऊ नको, टेस्टिंग चाललंय.’

मागच्या आठवड्यात एका दुपारी रेघ चढता चढता वळली आणि खाली यायला लागली.

बंद खोली भर दुपारी आपोआप थंड होत नाही. मला वाटलं, सेन्सर बिघडला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. दुपार तापली की रेघ वळायची, जणू कुणीतरी आत येऊन आकड्यावर हात ठेवलाय. मिसेस रीडना मी कामासाठी फोन केला होता, तेव्हा तोंडून निघून गेलं. म्हटलं, माझ्या आईच्या खोलीत असं होतंय, आणि आई नाही. त्यांना हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, ‘तुला भीती वाटते का?’ मी म्हटलं, ‘नाही. मला घरी जावंसं वाटतं.’ ‘मग जा,’ म्हणाल्या.

अर्धी सुट्टी टाकून मी आले. दार उघडंच होतं. आईच्या खोलीत अण्णा होते. खिडकीवर ओली चादर बांधलेली, जुनी, निळ्या काठाची. अण्णा बादलीतलं पाणी हातानं फरशीवर शिंपडत होते, आई उन्हाळ्यात शिंपडायची तसं, कोपऱ्यांपासून सुरुवात करून. मला बघून ते थांबले नाहीत.

मी म्हटलं, ‘अण्णा, थंडीचे दिवस आहेत.’

‘हायेत की.’

‘मग हे कशाला?’

‘दुपार झाली की बसवत न्हाई,’ म्हणाले. ‘वर हिथं तापतंय आन आपण टपरीवर बसलोय, आसं वाटतं. मग येतो.’

मी पदर खोचला आणि दुसरी चादर भिजवून आणली. आम्ही दोघांनी ती बांधली.

सेन्सर मी काढलेला नाही. पण आता रेघ वळली की मला माहीत असतं, कोण आहे ते. तुलाही माहीत असावं म्हणून लिहिलं.

सुनयना


नावडे, १९ जानेवारी २०२६

दादा,

तुझी बाजू तुला माहीत आहे. माझी सांगते, कारण फोनवर मी नीट काहीच बोलले नाही.

तुला फोन केला त्या दिवशी मी दुपारच्या पाळीला आले, तेव्हा तुमच्याकडे सकाळ होती. स्टोनहेवनच्या घराची रेघ उघडली. मिसेस रीडच्या स्वयंपाकघरातलं तापमान पहाटेपासून सरळ खाली चाललं होतं. खिडकी किंवा मागचं दार उघडं राहिलं असं समजून त्या खोलीचा हीटर आपोआप बंद झालेला. यंत्राला तसंच शिकवलंय, बाहेरची हवा आली की बंद हो. रोज सकाळी त्या आपल्या हातानं कंट्रोल फिरवतात, तेही फिरवलेले नव्हते. मागची खोली तेवढी एकवीसवर स्थिर.

फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. नातेवाईक म्हणून कॅनडातल्या पुतण्याचा नंबर दिलेला होता, तो उचलेना. आमचे साहेब प्रीतम सर म्हणाले, ‘तक्रार नोंदव, उद्या तिकडचा माणूस जाऊन येईल.’

मी म्हटलं, ‘सर, उद्या नाही चालणार.’

‘सुनयना, म्हातारी बाजारात गेली असेल.’

‘मागचं दार उघडं टाकून? जानेवारीत?’

ते वाईट नाहीत. म्हणाले, ‘ग्राहकाचा पत्ता आपण बाहेर देऊ शकत नाही, तुला माहीत आहे. आणि आपल्याला दिसतं काय, तर एक खोली गार झालीय. एवढ्यावर कुणाला पळवणार?’

एक खोली गार झालीय. दादा, माझ्या कानात वाजलं, एक खोली तापलीय. मी रूपेशचा फोन मागितला आणि तुला लावला. अनोळखी नंबर म्हणून तू उचललास. किती महिन्यांनी तुझं ‘हॅलो’ ऐकलं, पण त्यासाठी वेळ नव्हता.

‘दादा, फोन ठेवू नको. माझ्यासाठी नाहीये.’

मी पत्ता सांगितला, दार उघडं असणार हे सांगितलं. तू म्हणालास, ‘पोलिसांना सांग.’ मी म्हटलं, ‘इथून तो नंबर लागत नाही. तू लाव, आणि तू पण जा. कुणीतरी जायला पाहिजे.’ फोन बंद झाला. तू ठेवलास की कट झाला ते मला आजपर्यंत माहीत नाही.

मग मी बसून राहिले. प्रीतम सर मागे येऊन उभे राहिले, रूपेशही. स्क्रीनवर त्या घराच्या पाच रेघा. तू निघालास का, समुद्रावर आहेस का, मला काही कळायला मार्ग नव्हता. स्वयंपाकघर आणखी खाली गेलं. मी पाणीसुद्धा प्यायले नाही. वाटत होतं, मी नजर हलवली तर काहीतरी होईल.

आणि मग हॉलची रेघ एकदम खाली पडली. पुढचं दार उघडलं होतं, तेही नुसतं लोटलेलं असणार. रूपेश म्हणाला, ‘कोणतरी आलं.’ थोड्या वेळानं स्वयंपाकघराची रेघ खाली जायची थांबली. मागचं दार कुणीतरी लावलं. मी म्हटलं, ‘माझा भाऊ आहे.’ त्या रेघेत मी तुला चालताना बघितलं, दादा. हॉलमधून आत, आतून स्वयंपाकघरात.

तुझा फोन आला तेव्हा सगळे ऐकत होते. ‘आहे. श्वास चालू आहे. खाली पडलीय, अँब्युलन्स येतेय.’ मागे तिचा आवाज येत होता, काहीतरी बारीक पुटपुटत होती. तू तिला मराठीतच म्हणालास, ‘आलेत, आलेत, झालं आता.’ मग तू मला विचारलंस, ‘आई अशीच पडली होती का?’

मी ‘हो’ म्हटलं आणि फोन ठेवला. शांत गेली हे मी दोनदा खोटं सांगितलं होतं, तिसऱ्यांदा जमलं नाही.

सुनयना


नावडे, २ फेब्रुवारी

दादा,

तुझा मेसेज मिळाला. बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं आणि तू त्यांना हॉस्पिटलमध्ये बघून आलास, हे वाचून बरं वाटलं. किल्ली तुझ्याकडे दिलीय आणि मागची खोली एकवीसवरच ठेवायला सांगितलीय, हेही वाचलं. आता मला ते घर दिसत नाही. पत्ता बाहेर दिला म्हणून मला घरांवरून काढून नवीन नोंदण्यांवर टाकलंय. प्रीतम सरांनी नोकरी वाचवली. वाईट वाटत नाही म्हणणार नाही. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा त्या खोलीचाच विचार येतो.

आईच्या खोलीसाठी तू पाठवलेला एसी अण्णांनी खोकं न उघडता संघमित्राला दिला. आपल्याच मजल्यावरची, तुला आठवेल, तिला मुलगी झालीय, तान्ही आहे. अण्णांनी स्वतः उभं राहून बसवून घेतला. तुला दुसरीकडून कळण्याआधी मी सांगतेय. विकला नाही.

तू लिहिलंस, ‘खरं काय झालं ते लिही, फोनवर नको.’ थोडे दिवस दे. मला आधी अण्णांना विचारावं लागेल.

सुनयना


नावडे, ८ फेब्रुवारी

दादा,

अण्णांना विचारलं. आधी नाही म्हणाले. मग मी त्यांना मिसेस रीडचं सगळं सांगितलं. तू कसा गेलास, दार लावलंस, अंगावर कोट टाकलास, हात धरून बसलास. त्यांनी एकच विचारलं, ‘त्यानं तिला उचललं का?’ मी म्हटलं, ‘नाही अण्णा, तिकडे उचलू देत नाहीत. अँब्युलन्स येईपर्यंत तसंच ठेवायचं असतं.’ अण्णा उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, ‘लिही त्याला. समदं लिही.’

त्या दुपारी लाइट नव्हती, दादा. सकाळी गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. सगळ्या नावड्याची लाइट गेलेली, पंखे बंद, पाण्याची मोटर बंद. तू पाठवलेला एसी भिंतीवर लावलेला असता तरी तो बंदच असता. तू फोनवर अण्णांना म्हणालास, ‘मशीन खोक्यात ठेवून तुम्ही तिला मारलंत.’ तेव्हा मी बाजूलाच होते. मी सांगायला पुढे झाले, तर त्यांनी हातानं थांबवलं. तू फोन ठेवल्यावर म्हणाले, ‘सांगू नगं. आईच्या मातीला येता आलं न्हाई त्याला. कुणावर तरी राग धरू दे, न्हाईतर पोरगं सोताला खाईल.’ म्हणून मी गप्प राहिले. एसी त्यांनी का लावला नाही, तेही खरं सांगते. तू न विचारता परदेशी गेलास याचा राग होता. ‘वस्तू पाठवतोय, सोता येत न्हाई,’ म्हणायचे. तो दोष त्यांचा आहेच आणि ते तो नाकारत नाहीत. पण आई त्यामुळे गेली नाही.

आईनं खोलीत पाणी शिंपडलं होतं, पण टाकीतलं पाणी संपलं. बादली कोरडी होती. तिला गरगरलं असणार. ती दारापर्यंत आली होती. उंबऱ्यावर पडली, अर्धी आत, अर्धी बाहेर. संघमित्रा तेव्हा माहेरी होती. मजल्यावर कुणी नव्हतं. अण्णा संध्याकाळी आले आणि त्यांना ती दिसली. अंग भाजत होतं म्हणे, तव्यासारखं. मला ऑफिसात फोन आला तोपर्यंत ते खांदेश्वरच्या दवाखान्यात पोचले होते.

हे मला माहीत होतं. आज आणखी थोडं कळलं, तेही लिहिते. मी लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते. अण्णा समोर बसले होते, पाय पसरून, गुडघ्याला तेल लावत. मध्येच म्हणाले, ‘माझं एक त्यात घाल. मी सांगतो तसंच.’

ते सांगतात तसं:

‘उदय, लिफ्ट न्हाई आपल्याला, ठावं हाय तुला. रिक्षा खाली हुती. मी तिला पाठीवर घेतली. जल्मभर पाठीवर पोती वाहिली, कुठलं किती भरतंय ते उचलल्या उचलल्या कळायचं मला. पयल्याच जिन्याला मला कळलं की ती गेली. माणूस जित्तं आसलं की धरून ऱ्हातं. ती धरत नव्हती. तरी मी थांबलो न्हाई. बोलत बोलत खाली उतरलो तिच्याशी. आलं गं, आलं, झालं आता, आसं म्हणत. रिक्षावाल्याला पण न्हाई सांगितलं. दवाखान्यात डॉक्टर बोलला तवा मी आत्ताच कळल्यावानी केलं. हे मी पोरीला पण सांगितलं न्हवतं. तू विचारलंस म्हणून सांगतोय.’

एवढं झाल्यावर म्हणाले, ‘वाच.’ मी वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. एका ठिकाणी मी ‘पाठीवर घेतलं’ लिहिलं होतं, ते त्यांनी ‘घेतली’ करायला लावलं.

मग म्हणाले, ‘आता पाठव.’

सुनयना